आई-बाबांना फ्लूची लस द्यायची आहे? पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

घरातल्या वयस्कर माणसांना फ्लूची लस द्यायला हवी, हे बऱ्याच जणांच्या मनात असतं. पण कुठली लस, कोणत्या महिन्यात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना चालते का, गेल्या वर्षी घेतली होती मग यंदा परत कशाला, अशा प्रश्नांपाशी गाडी अडते. उत्तरं मिळेपर्यंत साथ सुरू झालेली असते. ज्यांना हे काम पहिल्यांदाच करायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे, मग ते स्वतःसाठी असो, आई-बाबांसाठी, सासू-सासऱ्यांसाठी किंवा घरातल्या एखाद्या दीर्घ आजारी माणसासाठी. कामं ज्या क्रमाने करावी लागतात त्याच क्रमाने लिहिलं आहे.

आधी: लस नेमकी कशासाठी

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण याच ठिकाणी गैरसमज झाला की पुढच्या वर्षी घरात लसीचं नाव निघत नाही.

"लस घेतली, तरी सर्दी झालीच की!" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. सर्दी-खोकला करणारे विषाणू अनेक आहेत. फ्लूची लस त्यातल्या फक्त इन्फ्लुएन्झा या विषाणूसाठी असते. इन्फ्लुएन्झा साध्या सर्दीसारखा हळूहळू येत नाही. सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून, अंग मोडून अंथरुणाला खिळतो. धडधाकट तरुण माणूस आठवडाभरात त्यातून उठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १०० कोटी लोकांना हंगामी फ्लू होतो, त्यातल्या ३० ते ५० लाखांचा आजार गंभीर होतो आणि २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसं श्वसनाच्या गुंतागुंतीने दगावतात. श्रीमंत देशांत या मृत्यूंपैकी बहुतेक ६५ वर्षांवरच्यांचे असतात.

वयस्कर माणसाच्या बाबतीत ताप हा त्रासाचा फक्त पहिला भाग. फ्लूने घायाळ झालेल्या फुफ्फुसात जिवाणू शिरून न्यूमोनिया होतो. आटोक्यात असलेली शुगर सुटते. आधीच थकलेलं हृदय आणखी थकतं. २०१८ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासणीत फ्लू निश्चित झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण एरवीच्या सहापट असल्याचं त्यात दिसलं. आणि एक नुकसान असं आहे की ते कोणत्याही आकडेवारीत नीट येत नाही. सत्तरीतला माणूस आठ-दहा दिवस अंथरुणात पडून राहिला की पायांतली ताकद जाते, आणि त्या वयात गेलेली ताकद सहजी परत येत नाही. फ्लूच्या आधी एकटे फिरायला जाणारे आजोबा फ्लूनंतर न्हाणीघरापर्यंत जायला हात मागतात. लस घ्यायची ती हे टाळण्यासाठी.

लस किती काम करते, तेही स्पष्ट सांगते. ज्या वर्षी लसीतले विषाणू आणि साथीतले विषाणू चांगले जुळतात, त्या वर्षी डॉक्टरांकडे जावं लागेल असा फ्लू होण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. वय वाढतं तसा हा आकडा उतरतो, कारण म्हाताऱ्या शरीराची प्रतिकारशक्ती लसीलाही कमी प्रतिसाद देते. एच३एन२ या फ्लूच्या विषाणूच्या प्रकाराची साथ असली की तो आणखी खाली जातो, आणि नेमका हाच प्रकार वृद्धांना जास्त त्रास देतो. तरीही लस घेतलेल्यांना फ्लू झाला तर दवाखान्यात भरती होण्याची, अतिदक्षता विभागात जाण्याची वेळ कमी येते. म्हणून लसीचा हिशोब सर्दी किती वेळा झाली यावर मांडू नका.

पहिलं काम: घराची यादी

कागद घ्या आणि घरात राहणाऱ्या, रोज येणाऱ्या सगळ्यांची नावं लिहा. मग ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्या नावापुढे खूण करा.

बहुतेक देश ६५ वर्षांची रेषा धरतात, काही ६० ची. पण वय हे एकच कारण नाही. दमा किंवा फुफ्फुसांचा जुना आजार, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, पक्षाघात, पार्किन्सनसारखे मज्जासंस्थेचे आजार, कर्करोगावरचे उपचार, अवयव प्रत्यारोपण, एचआयव्ही, संधिवातासाठी चालू असलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, अतिस्थूलपणा, यातलं काहीही असेल तर वय चाळीस असलं तरी खूण करा. गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालची मुलंही यात येतात. "माझी शुगर कंट्रोलमध्ये आहे, मला नको," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. शुगर आटोक्यात असणं चांगलंच, पण यादीतून नाव काढायला ते कारण पुरत नाही. फ्लू झाला की तीच शुगर बिघडते.

आता ज्यांच्यापुढे खूण नाही त्यांच्याकडे वळा. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून इतरांना तो देऊ शकतो. म्हणजे शाळेतून आलेला नातू शिंकण्याआधीच आजीच्या मांडीवर बसलेला असतो. सहा महिन्यांखालच्या बाळांना ही लस देता येत नाही आणि केमोथेरपी चालू असलेल्याला दिली तरी पुरेशी लागू होईलच असं नाही. अशांचं संरक्षण आजूबाजूच्यांच्या लसीवर अवलंबून असतं. आजारी माणसाची आंघोळ, औषधं, जेवण बघणारी व्यक्ती घरातली असो की मदतीला येणारी, तिला लस मिळालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तीच आजारी पडली तर दोन माणसांचे हाल होतात.

दुसरं काम: महिना ठरवणं

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, याची कारणं दोन. एक, विषाणू सतत थोडा थोडा बदलत राहतो. दोन, लसीने आलेलं संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागतं आणि वयस्करांमध्ये ते लवकर ओसरतं.

जागतिक आरोग्य संघटना जगभरातून आलेले विषाणूंचे नमुने तपासून वर्षातून दोनदा लसीत कोणते प्रकार असावेत ते सुचवते. उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धाच्या हिवाळ्यासाठी सप्टेंबरात. लस तयार व्हायला जवळपास सहा महिने लागतात. त्यामुळे उत्तर गोलार्धात नवी लस साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात हाती येते आणि दक्षिण गोलार्धात मार्च-एप्रिलच्या सुमारास.

लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून साथ अंगावर यायच्या आत ती घेऊन झालेली बरी. उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांत ऑक्टोबर संपेपर्यंत, दक्षिणेत हिवाळा लागायच्या आधी म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत. उष्ण कटिबंधात गणित इतकं सरळ नाही. तिथे काही भागांत फ्लू वर्षभर थोडाफार असतो, काही भागांत पावसाळ्यात उसळतो, काही ठिकाणी वर्षातून दोनदा. तुम्ही राहता तिथे रुग्ण कोणत्या महिन्यांत वाढतात ते डॉक्टरांना विचारा आणि त्याच्या महिनाभर आधीची तारीख धरा.

वयस्करांसाठी फार लवकर घेणंही बरोबर नाही. साथीच्या चार-पाच महिने आधी घेतली तर ऐन साथीत तिचा जोर उतरलेला असतो. आणि उशीर झाला असेल, साथ सुरू झाली असेल, तर? तरी घ्या. साथ आठवडे, कधी महिने चालते आणि एकाच हंगामात दोन प्रकार लागोपाठ येऊ शकतात.

तिसरं काम: कोणती लस मागायची

लस घ्यायला गेल्यावर "फ्लूची द्या" एवढंच सांगितलं तर जी समोर असेल ती मिळते. बहुतेक वेळा तीही चालते. तरी खोक्यावर काय लिहिलेलं असतं ते वाचता आलं पाहिजे.

पहिली गोष्ट, लस निष्क्रिय विषाणूची आहे की जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची. दंडात टोचतात त्या फ्लूच्या लसी निष्क्रिय असतात, त्यांत जिवंत विषाणू नसतो. नाकात फवारायची जी लस मिळते त्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. ती वृद्धांसाठी, गरोदर स्त्रियांसाठी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी नाही. सुईची भीती वाटणाऱ्या आजीला "नाकातली देऊया" असं सांगून घेऊन जाऊ नका.

दुसरी गोष्ट, त्रिघटक की चतुर्घटक. खोक्यावर ट्रायव्हॅलंट किंवा क्वाड्रीव्हॅलंट असं लिहिलेलं असतं. त्रिघटक लसीत ए प्रकारातले एच१एन१ आणि एच३एन२ हे दोन आणि बी प्रकारातलं एक घराणं असतं. चतुर्घटकात बी ची दोन्ही घराणी, व्हिक्टोरिया आणि यामागाता. यातल्या यामागाता घराण्याचा विषाणू मार्च २०२० नंतर जगात कुठे फिरताना खात्रीने आढळलेला नाही. कोविडच्या काळात माणसांचा एकमेकांशी संपर्क तुटला आणि तो नाहीसा झाला असं मानलं जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो लसीतून वगळायला सांगितलं. त्यामुळे आता कुणी "चार घटकांची नाही, तीनचीच आहे" असं म्हणालं तर हलकी लस माथी मारली असं समजू नका.

तिसरी गोष्ट वयस्करांसाठी सगळ्यात महत्त्वाची. साध्या लसीत प्रत्येक घटकाचं प्रमाण १५ मायक्रोग्रॅम असतं. ६५ वर्षांवरच्यांसाठी बनवलेल्या जास्त मात्रेच्या लसीत ते ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे चौपट. ६५ वर्षांवरच्या सुमारे ३२ हजार लोकांवर केलेली एक मोठी चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. जास्त मात्रेच्या लसीने साध्या लसीच्या तुलनेत फ्लूचे रुग्ण आणखी २४ टक्क्यांनी कमी झाले. दुसरा पर्याय सहाय्यक द्रव्य घातलेल्या लसीचा. त्यात एमएफ५९ नावाचा स्निग्ध द्रव असतो आणि तो प्रतिकारशक्तीला जास्त चेतवतो. तिसरा पर्याय अंडी न वापरता जनुकीय तंत्राने बनवलेल्या लसीचा, तिच्यात प्रत्येक घटक ४५ मायक्रोग्रॅम असतो. अमेरिकेने २०२२ पासून ६५ वर्षांवरच्यांसाठी या तिन्हींपैकी एकीला पसंती द्यायला सांगितलं आहे.

तुमच्याकडे यातली एखादी मिळते का, ते आधीच फोन करून विचारा. मिळत असेल तर तीच घ्या. मिळत नसेल तर साधी लस घ्या, आणि लगेच घ्या. चांगल्या लसीची वाट बघत कुठलीच लस न घेता साथीत सापडणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे.

खोक्यावर आणखी दोन ओळी वाचा. वापरण्याची अंतिम तारीख, आणि लस कोणत्या हंगामासाठी व कोणत्या गोलार्धाची आहे ती ओळ. गेल्या हंगामातली उरलेली लस घ्यायची नाही.

चौथं काम: डॉक्टरांशी बोलणं

जाण्याआधी चालू औषधांची यादी किंवा सरळ गोळ्यांची पिशवीच सोबत घ्या. तोंडी सांगताना एखादी गोळी हमखास राहते. काय विचारायचं, काय सांगायचं, ते असं:

याआधी फ्लूच्या लसीनंतर श्वास कोंडला, चेहरा सुजला, रक्तदाब एकदम पडला, असं काही झालं असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. अशा वेळी तीच लस परत देत नाहीत. अंड्याची ॲलर्जी मात्र आता पूर्वीइतकी मोठी अडचण राहिलेली नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२३ पासून अंड्याच्या ॲलर्जीसाठी वेगळी खबरदारी घेण्याची अट काढून टाकली आहे. तरी ॲलर्जी असेल तर सांगायची.

लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत कधी गिया-बारे सिंड्रोम, म्हणजे पायांपासून वर चढत जाणारा लुळेपणा, झाला असेल तर पुढची लस घ्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. काही हंगामांत या आजाराचे दहा लाख डोसांमागे एक-दोन जास्तीचे रुग्ण दिसले आहेत. खुद्द फ्लूनंतरही हा आजार होतो, हेही लक्षात ठेवा.

त्या दिवशी चांगलाच ताप असेल, माणूस मलूल असेल, तर लस काही दिवस पुढे ढकला. नुसतं नाक वाहतंय, किंचित खोकला आहे, एवढ्यासाठी ढकलायची गरज नसते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती बंद करू नका. बारीक सुई वापरायला सांगा आणि टोचल्यावर त्या जागी किमान दोन मिनिटं घट्ट दाबून धरा, चोळू नका. डायलिसिससाठी ज्या हातात फिस्टुला, म्हणजे रक्तवाहिन्यांची जोडणी, केला आहे तो हात टाळायचा. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचाही. हे टोचणाऱ्याला दिसत नाही, तुम्हालाच सांगावं लागतं.

केमोथेरपी सुरू व्हायची असेल तर शक्य झाल्यास तिच्या दोन आठवडे आधी लस घेतलेली चांगली. प्रतिकारशक्ती दाबणारी रिटुक्सिमॅबसारखी औषधं घेतल्यानंतर काही महिने लसीला प्रतिसाद फार कमी मिळतो, म्हणून वेळ ते औषध देणाऱ्या तज्ज्ञांनाच विचारून ठरवा. संधिवाताची मेथोट्रेक्सेटसारखी गोळी लसीच्या सुमारास थांबवायची का, हाही प्रश्न त्यांनाच विचारायचा. स्वतःच्या मनाने एकही गोळी थांबवू नका.

गरोदरपणात ही लस कोणत्याही महिन्यात घेता येते. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बाळाकडे जातात आणि ज्या सहा महिन्यांत बाळाला स्वतःला लस देता येत नाही, त्या काळात ती कामाला येतात. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. मोठ्यांना एकच.

कोविडची किंवा न्यूमोकॉकल न्यूमोनियाची लस बाकी असेल तर ती त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते. ज्यांना पुन्हा पुन्हा आणणं अवघड असतं त्यांच्यासाठी मी हेच सुचवेन. फक्त दोन्ही दंड दुखतील याची कल्पना आधी द्या.

नको म्हणणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं

"मला काय धाड भरलीये? आयुष्यात कधी सुई टोचून घेतली नाही," असं बाबा म्हणाले की घरात वाद सुरू होतो. वादाने काही साधत नाही. आकडे ऐकवूनही फारसं नाही. त्यांना स्वतःचं जे जपायचं आहे तिथून सुरुवात करा. "बाबा, तुम्ही रोज सकाळी एकटे फिरायला जाता ना? ते चालू राहावं म्हणून घ्यायची." किंवा, "तुम्हाला ताप आला की आईला रात्रभर जागावं लागतं. तिच्यासाठी घ्या." बऱ्याच वडीलधाऱ्यांना स्वतःसाठी काही करून घ्यायला संकोच वाटतो, दुसऱ्यासाठी ते लगेच तयार होतात. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन वाक्यं सांगितली तर आपल्या वीस वाक्यांपेक्षा ती जास्त लागू पडतात. आणि आधी स्वतः टोचून घ्या, त्यांच्यासमोर.

भीती कशाची आहे, तेही शांतपणे विचारा. "मागे लस घेतली आणि दुसऱ्या दिवशी आजारी पडले," अशी आठवण असू शकते. ती खोटी ठरवू नका. निष्क्रिय लसीने फ्लू होऊ शकत नाही, कारण तिच्यात जिवंत विषाणू नसतो. पण लसीनंतर एक-दोन दिवस कणकण येऊ शकते. शिवाय लस लागू पडायच्या आतल्या दोन आठवड्यांत खरा फ्लू किंवा दुसरा एखादा विषाणू गाठू शकतो. त्यांना त्या वेळी खरंच त्रास झाला होता, हे मान्य करून मग हे सांगितलं की माणूस ऐकतो.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला रांगेत बसवून ठेवू नका. गर्दी नसलेली वेळ आधी ठरवून घ्या आणि ओळखीचं माणूस शेजारी ठेवा. काय करतोय ते त्याच क्षणी, छोट्या वाक्यांत सांगा: "आता बाही वर करूया. आता थोडं टोचेल. झालं." जे घराबाहेर पडूच शकत नाहीत त्यांना घरी येऊन लस देण्याची सोय आहे का, हेही विचारून ठेवा.

त्या दिवशी

रिकाम्या पोटी नेऊ नका. रोजच्या गोळ्या रोजच्या वेळी द्या.

कपडे असे घाला की दंड खांद्यापर्यंत पूर्ण उघडा होईल. ही बारीकसारीक वाटणारी गोष्ट फार कामाची आहे. बाही घट्ट असली की लोक गळ्याकडून कपडा खाली ओढून खांदा उघडा करतात. मग सुई हवी त्यापेक्षा वर, थेट खांद्याच्या सांध्याजवळ जाते आणि खांदा महिनोन्महिने दुखत राहू शकतो. बरोबर जागा म्हणजे खांद्याच्या टोकाच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या बाहेरच्या बाजूचा जाड स्नायू. हात सैल सोडून मांडीवर ठेवायला सांगा. मूठ आवळली, दंड ताठ केला की जास्त दुखतं.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि ती गोठली की वाया जाते. औषधाच्या दुकानातून घेऊन दवाखान्यापर्यंत तुम्हालाच न्यायची असेल तर थंड पिशवीत न्या, पण बर्फाला थेट टेकू देऊ नका. वाटेत दुसरी कामं काढू नका. गोठून परत वितळलेली लस नुसतं बघून ओळखता येईल असं नाही, म्हणून शंका आली तर ती वापरू नका.

टोचून झाल्यावर १५ मिनिटं तिथेच बसा. गंभीर ॲलर्जी फार क्वचित होते, पण झाली तर बहुधा याच वेळात समजते आणि तिच्यावर उपचार तिथेच होऊ शकतात. घेरी येऊन पडण्याची शक्यताही याच वेळात असते, आणि वयस्कर माणसाचं पडणं साधं नसतं. उठताना हात धरा.

निघण्याआधी लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. किंवा खोक्यावरच्या त्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. पुढच्या वर्षी "कोणती दिली होती?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे असेल.

पुढचे दोन दिवस

दंड दुखतो, कधी लाल होतो, थोडी सूज येते. अंग जड वाटतं, बारीक ताप येतो. जास्त मात्रेच्या लसीने हे थोडं अधिक होतं. एक-दोन दिवसांत ओसरतं. डॉक्टरांनी चालेल म्हटलं असेल तर पॅरासिटामॉल द्या. हात अधूनमधून हलवत राहायला सांगा. ताप तीन दिवस टिकला, दुखरी जागा वाढतच गेली किंवा अंगावर पित्त उठून श्वासाला त्रास झाला, तर दवाखाना गाठा. शेवटचं झालं तर क्षणही थांबू नका.

लस लागू व्हायला दोन आठवडे आहेत, हे विसरून दुसऱ्याच दिवशी गर्दीच्या ठिकाणी नेऊ नका. घरात कुणी खोकत असेल तर त्याने मास्क लावावा आणि वेगळ्या खोलीत झोपावं. खिडक्या उघड्या ठेवा, हात धुवा. लस घेतली म्हणून हे सुटत नाही.

लस घेऊनही फ्लू झाला तर

हे बरेच जण वाचत नाहीत, पण जीव वाचतो तो इथेच.

वयस्कर माणसाला फ्लू झाला तरी ताप येईलच असं नाही. जेवण सुटतं, माणूस गप्प होतो, झोपूनच राहतो, बोलण्यात गोंधळ होतो, कारण नसताना तोल जाऊन पडतो. साथीच्या दिवसांत यातलं काही अचानक दिसलं तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि आपण होऊन विचारा, "हा फ्लू असू शकेल का? विषाणूवरचं औषध सुरू करायचं का?" ओसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. धोका जास्त असलेल्या रुग्णात तपासणीच्या अहवालाची वाट न बघता ते सुरू करतात. ४८ तास उलटून गेले असले तरी गंभीर आजारात ते देतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याची मात्रा कमी करावी लागते, म्हणून ते सांगायला विसरू नका. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका, विषाणूवर त्या चालत नाहीत.

श्वास लागणं, छातीत दुखणं किंवा दाबल्यासारखं वाटणं, हाक मारूनही नीट जाग न येणं, लघवी न होणं, उभंही राहता न येण्याइतका अशक्तपणा, यातलं काहीही दिसलं तर घरी वाट बघू नका, तातडीने दवाखान्यात न्या. आणखी एक खूण लोकांकडून निसटते: ताप उतरला, दोन दिवस बरं वाटलं आणि मग ताप-खोकला पहिल्यापेक्षा जोरात परत आला. हा बहुधा वरून झालेला न्यूमोनिया असतो. म्हणून बरं वाटायला लागल्यावरही आठ-दहा दिवस रोज ताप मोजा आणि चालताना दम लागतो का ते बघा.

त्या हंगामात लस घ्यायची राहूनच गेली असेल आणि मधेच फ्लू होऊन गेला असेल, तरी बरं वाटल्यावर ती घ्या. झालेला फ्लू एका प्रकारच्या विषाणूचा होता, बाकीचे प्रकार अजून फिरत असतात.